विद्यापीठ ग्रंथालयातले उपक्रम, पारितोषिके आणि ऑनलाइन सुविधा: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

बहुतेक विद्यार्थी ग्रंथालयाच्या खिडकीवर दोनदाच जातात. एकदा क्रमिक पुस्तकांसाठी कार्ड काढायला आणि शेवटी ना-देय प्रमाणपत्रावर शिक्का घ्यायला. एरवी ग्रंथालयाकडून काय काय मिळू शकते, याची त्यांना गंधवार्ता नसते. पुण्यात जयकर ज्ञानस्रोत केंद्र, कोल्हापुरात बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र, मुंबईत कलिन्याचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, अशी मोठी ग्रंथालये आपल्याकडे आहेत. गावातल्या संलग्न महाविद्यालयाचे ग्रंथालयही काही ठरावीक सुविधा देऊ शकते. फक्त कुठल्या सुविधेला कोण पात्र, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

यातल्या मोठ्या सुविधांची पात्रता विद्यार्थ्याच्या गुणांवर किंवा उत्पन्नावर ठरत नाही, ती संस्थेवर ठरते. तुमचे महाविद्यालय शासकीय आहे की अनुदानित की विनाअनुदानित, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील कलम २(फ) (आयोगाची मान्यता) आणि १२(ब) (केंद्रीय अनुदानासाठी पात्रता) खाली येते का, हे प्रश्न आधी विचारायचे. ही माहिती ग्रंथपालांकडे किंवा कार्यालयात एका मिनिटात मिळते.

आधी कार्ड, मग बाकी सगळे

ग्रंथालयात नाव नोंदलेले नसेल तर पुढचे काहीच होत नाही. लागणारी कागदपत्रे थोडी आहेत: चालू वर्षाच्या प्रवेशशुल्काची पावती, महाविद्यालयाचे किंवा विभागाचे ओळखपत्र, पीआरएन म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक, पासपोर्ट आकाराचे फोटो. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी नोंदणीपत्र आणि मार्गदर्शकांची सही असलेला अर्ज सोबत ठेवावा.

फॉर्मवरचा ईमेलचा रकाना मात्र लक्ष देऊन भरा. अनेक जण तिथे घाईत सायबर कॅफेवाल्याने उघडून दिलेला पत्ता लिहितात, त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नसतो. पुढची सगळी ऑनलाइन लॉगिन याच पत्त्यावर येतात. संस्थेने स्वतःचा ईमेल दिला असेल तर तोच लिहा.

दुसऱ्या महाविद्यालयातला विद्यार्थी विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात बसून वाचू शकतो का? बहुतेक ठिकाणी हो, पण आपल्या प्राचार्यांचे किंवा ग्रंथपालांचे शिफारसपत्र, ओळखपत्र आणि थोडे शुल्क लागते. पुस्तके घरी मिळत नाहीत, तिथेच वाचायची. संदर्भ शोधणाऱ्याला तेवढेही पुष्कळ असते, म्हणून हे पत्र मागायला संकोच करू नका.

महागडी नियतकालिके: कोणाला कोणत्या वाटेने

परदेशी संशोधन नियतकालिकांतला एकेक लेख वाचायला काही हजार रुपये मागितले जातात. ग्रामीण महाविद्यालयातल्या एम.एस्सी.च्या मुलीने ते कुठून द्यायचे? या प्रश्नाचे मोठे उत्तर म्हणून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना आली, म्हणजे सगळ्या पात्र संस्थांसाठी सरकारनेच भरलेली एकत्रित वर्गणी. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके तिच्यात येतात. अंमलबजावणी विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणारे गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र करते.

पात्रता: केंद्र किंवा राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्था. अशा ६,३०० हून अधिक संस्था आहेत. विद्यार्थ्याने वैयक्तिक अर्ज करायचा नसतो, पैसेही भरायचे नसतात. संस्थेच्या आवारातल्या नेटवर्कवरून नियतकालिके थेट उघडतात. घरून किंवा वसतिगृहातून वाचायचे असेल तर ‘इन्फेड’ या इन्फ्लिबनेटच्या ओळख-पडताळणी व्यवस्थेचे लॉगिन लागते, ते संस्थेने नेमलेली व्यक्ती, बहुधा ग्रंथपाल, तयार करून देते. त्यासाठी नाव, विभाग, ईमेल आणि अभ्यासक्रम कधी संपणार एवढी माहिती द्यावी लागते.

आपल्याकडची बहुसंख्य संलग्न महाविद्यालये मात्र खासगी व्यवस्थापनाची आहेत, अनुदानित किंवा विनाअनुदानित. त्यांच्यासाठी इन्फ्लिबनेटचीच ‘एन-लिस्ट’ ही दुसरी वाट आहे. हजारो ई-नियतकालिके आणि लाखांच्या घरात ई-पुस्तके तिथे मिळतात. वार्षिक वर्गणी महाविद्यालय भरते आणि प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे लॉगिन देता येते. महाविद्यालय सदस्य असूनही विद्यार्थ्यांची लॉगिन कधी तयारच केली नाहीत, असे घडते. अशा वेळी वर्गातल्या सगळ्यांनी सह्या करून ग्रंथपालांना एक साधे पत्र द्या: नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, ईमेल. यादी तयार हाती आली की त्यांचेही काम सोपे होते. महाविद्यालय सदस्यच नसेल तर ते पत्र प्राचार्यांच्या नावे लिहा, कारण नोंदणी संस्थेनेच करायची असते.

एक ताकीद. मिळाले म्हणून अख्ख्या नियतकालिकाचे अंक एकामागून एक उतरवून घेऊ नका. असे घाऊक डाउनलोड दिसले की प्रकाशक संपूर्ण संस्थेचा प्रवेश तोडू शकतो, आणि एकाच्या हावेपायी सगळ्यांची वाट बंद होते.

कार्यक्रम, स्पर्धा आणि पारितोषिके

ग्रंथालयांच्या कार्यक्रमांचे एक ठरलेले पंचांग असते. १२ ऑगस्ट हा डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन आहे. १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. २०२५ च्या जानेवारीत ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ या उपक्रमात महाविद्यालयांनी सामूहिक वाचन आणि पुस्तक परीक्षणाच्या स्पर्धा घेतल्या. परीक्षण, अभिवाचन, निबंध, भित्तिपत्रक अशा स्पर्धा याच दिवसांच्या आगेमागे होतात, म्हणून या तारखांच्या पंधरा दिवस आधीपासून सूचना फलक बघत जा.

या स्पर्धांना लागते तरी काय? ओळखपत्र आणि नावनोंदणी. दुसऱ्या महाविद्यालयात किंवा विद्यापीठ स्तरावर भाग घ्यायचा असेल तर बोनाफाईड प्रमाणपत्र लागते. रोख पारितोषिक खात्यात जमा होणार असेल तर पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत द्यावी लागते. नाव गुणपत्रिकेवर आहे तसेच लिहा, कारण प्रमाणपत्र त्याच नावाने छापले जाते आणि नंतर दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे होते. पुस्तक परीक्षणात गोष्टीचा सारांश लिहून थांबणारे पुष्कळ असतात. पुस्तक कुठे पटले, कुठे नाही आणि का, हे लिहिणाऱ्याचे परीक्षण परीक्षकाच्या हातात थांबते. परीक्षणासाठी निवडलेले पुस्तक ग्रंथालयातून स्वतः काढून वाचा, आंतरजालावरचा मजकूर उचललेला लगेच कळतो.

राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाच्या ‘एनडीएलआय क्लब’बद्दल जाता जाता. आयआयटी खरगपूरने उभारलेले हे डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. त्याचा क्लब कोणतीही शिक्षणसंस्था विनाशुल्क सुरू करू शकते, संस्थाप्रमुखांची संमती आणि अध्यक्ष, सचिव अशा जबाबदाऱ्या घेणारी माणसे तेवढी हवीत. विद्यार्थ्याने आपल्या संस्थेच्या क्लबात सदस्य म्हणून नाव नोंदवले की व्याख्याने, प्रश्नमंजूषा, कार्यशाळांत भाग घेता येतो आणि सहभागाचे ई-प्रमाणपत्र मिळते.

पीएच.डी. करणाऱ्यांसाठी

इथे ग्रंथालयाशी संबंध टाळताच येत नाही. ‘संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता’ हा २ श्रेयांकांचा, ३० तासांचा अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाने पूर्वपीएच.डी. अभ्यासक्रमात सक्तीचा केला आहे. त्यातला डेटाबेस आणि संशोधन-मापनाचा (संशोधनाचा प्रभाव मोजण्याच्या पद्धतींचा) भाग ग्रंथालयातली माणसे उत्तम शिकवू शकतात. केवळ हजेरीपुरते तिथे बसू नका.

प्रबंध सादर करताना वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल जोडावा लागतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. संदर्भासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे या मोजणीतून वगळले जाते. अहवालात ते धरलेले दिसले तर तिथल्या तिथे निदर्शनास आणून द्या. तपासणीसाठी मार्गदर्शकांच्या सहीचा अर्ज आणि प्रबंधाची सॉफ्ट कॉपी द्यावी लागते. पहिली तपासणी शेवटच्या आठवड्यात करू नका, प्रकरणे पुन्हा लिहायला वेळ हातात हवा. मूल्यमापन पूर्ण झाल्यावर, पदवी जाहीर होण्याआधी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत विद्यापीठाने इन्फ्लिबनेटकडे द्यायची असते. तीच ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात येते.

शोधगंगा वाचायला कसलीही पात्रता लागत नाही, लॉगिनही नाही. पाच लाखांहून अधिक प्रबंध तिथे आहेत आणि त्यांत मराठीत लिहिलेलेही आहेत. विषय ठरवण्याआधी तिथे शोध घेतला तर कोणी काय करून ठेवले आहे ते समजते.

पदवी संपली की संस्थेची लॉगिन बंद होतात. एनडीएलआय मात्र सर्वांना खुले आहे. तिथे नोंदणी करताना महाविद्यालयाचा ईमेल न देता स्वतःचा द्या, म्हणजे पुढे नोकरी करताना किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करतानाही ते खाते चालू राहील.