डेलाहे १४५ : दहा लाख फ्रँकवाली गाडी

डेलाहे १४५ ही १९३७ साली पॅरिसच्या डेलाहे कंपनीनं बनवलेली रेसिंग गाडी. इंजिन व्ही-१२, म्हणजे इंग्रजी व्ही आकारात बारा सिलिंडर, साडेचार लिटरचं, सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप) नाही. एकूण चारच गाड्या बनल्या, चॅसी (गाडीचा सांगाडा) नंबर ४८७७१, ४८७७२, ४८७७३ आणि ४८७७५. यातल्या एका गाडीनं फ्रेंच सरकारी फंडाचं दहा लाख फ्रँकचं बक्षीस मारलं म्हणून तिला 'मिलियन फ्रँक डेलाहे' म्हणतात, पण ती चारातली नेमकी कुठली यावर आजही जाणकारांचं जमत नाही.

मुळात डेलाहे ही काही रेसवाली कंपनी नव्हती. मजबूत ट्रक, अग्निशमन दलाचे बंब आणि साध्या घरगुती गाड्या हा त्यांचा धंदा, आणि शार्ल वाइफेनबाख नावाचा मॅनेजर ती वर्षानुवर्षं सांभाळत होता. १९३० नंतरच्या मंदीत त्यांनी जरा वेगवान गाड्या काढायचं ठरवलं आणि त्यातून १३५ हे मॉडेल आलं, ज्याचं सहा सिलिंडरचं इंजिन ट्रकच्याच इंजिनावरून बेतलेलं होतं. ही गाडी ल्यूसी ओ'रायली शेल हिच्या नजरेत भरली. ल्यूसी पॅरिसमध्ये जन्मलेली, वडील अमेरिकेतले आयरिश वंशाचे, घरचा पैसा भरपूर, आणि बाई स्वतः रॅली चालवणारी. १९३६ च्या माँटे कार्लो रॅलीत ती आणि नवरा लॉरी डेलाहेमध्ये बसून दुसरे आले होते. तिनं कंपनीला सांगितलं की मला ग्रां प्रीत, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाच्या शर्यतींत, उतरेल अशी गाडी बनवून द्या, पैसे मी घालते, आणि एक्युरी ब्ल्य नावाची टीम स्वतःच्या मालकीची उभी केली. ग्रां प्री टीमची मालकीण असलेली पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात. माझं मत असं की या गाडीचा विषय निघाला की आधी हिचं नाव यायला हवं, कारण हिच्या पैशाशिवाय आणि हट्टाशिवाय इंजिनियर जाँ फ्रान्स्वाचं व्ही-१२ कागदावरच राहिलं असतं.

साडेचार लिटर का, तर १९३८ पासून ग्रां प्रीचा नियमच तसा येणार होता: सुपरचार्जर असेल तर तीन लिटरपर्यंत, नसेल तर साडेचार. जर्मन टीम्स सुपरचार्जरच्या बाजूनं होत्या, त्यांच्याकडे पैसाही होता आणि सरकारचा हातही डोक्यावर होता. फ्रान्सकडे त्या तोडीचं काहीच नव्हतं, फ्रान्सच्या निळ्या रंगातल्या गाड्या वर्षामागून वर्षं मार खात होत्या, म्हणून तिथं रेसिंगसाठी एक फंड काढला आणि त्यातून दहा लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. अट अशी की नव्या नियमात बसणारी गाडी माँलेरीच्या सर्किटवर उभ्या जागेवरून सुरू करून २०० किलोमीटर पळवायची, सरासरी १४६.५०८ किलोमीटर ताशी किंवा जास्त पडली पाहिजे, आणि हे सगळं ३१ ऑगस्ट १९३७ च्या आत. ऐकायला सोपं वाटतं पण सर्किटची लॅप, म्हणजे एक फेरी, साडेबारा किलोमीटरची, तिच्यात बँकिंगही (वळणावरचा तिरका चढवलेला रस्ता) आहे आणि वळणावळणाचा रस्ताही, आणि पहिली लॅप थांबलेल्या गाडीनं सुरू होणार म्हणजे तिथं गेलेला वेळ पुढच्या पंधरा लॅपमध्ये थोडा थोडा करून भरून काढायचा.

२७ ऑगस्टला ल्यूसीच्या टीमचा ड्रायव्हर रेने ड्रेफस १४५ घेऊन उतरला. मडगार्ड, दिवे काढून टाकलेले, समोर दुसरी कुठलीच गाडी नाही, फक्त घड्याळ. सोळा लॅप संपल्या तेव्हा वेळ पडला १ तास २१ मिनिटं ४९.५ सेकंद, सरासरी १४६.६५४. अटीपेक्षा ४.९ सेकंद कमी! जवळजवळ दीड तासाच्या धावेत पाच सेकंदसुद्धा नाहीत, म्हणजे प्रत्येक लॅपमागे सेकंदाचा तिसरा हिस्सा, एखाद्या वळणावर ब्रेकवर पाय जरा जास्त राहिला असता तरी बक्षीस गेलं असतं. बुगाटीकडून जाँ-पिएर विमीय पण याच बक्षिसाच्या मागे होता, त्यांना मुदतीत ते जमलं नाही.

पण लोकांच्या तोंडी जी रेस राहिली ती पुढच्या वर्षीची, १० एप्रिल १९३८ ची पो ग्रां प्री. मर्सिडीज आपली नवीकोरी डब्ल्यू १५४ घेऊन आली होती, चारशेच्या वर हॉर्सपॉवर, आणि डेलाहेची ताकद जेमतेम अडीचशेच्या आसपास. पण पो म्हणजे फ्रान्समधल्या त्याच नावाच्या गावातल्या रस्त्यांवरचं सर्किट, पावणेतीन किलोमीटरची लॅप, अरुंद, सारखी वळणं, तिथं चारशे घोडे जुंपले तरी पळवायचे कुठे? आणि मर्सिडीज साधं पेट्रोल नव्हे, अल्कोहोल मिसळलेलं इंधन अक्षरशः ढोसायची, तिला मध्ये थांबणं भागच होतं. ड्रेफस शंभर लॅप एकदाही न थांबता गेला. मर्सिडीजचा ड्रायव्हर काराचिओला थांबला, टाकी भरली, गाडी टीममधल्याच हर्मन लांगच्या हातात दिली, आणि शेवटी जर्मन गाडी जवळजवळ दोन मिनिटं मागं राहिली. तिसरा नंबरही दुसऱ्या १४५ चा, ड्रायव्हर कोमोत्ती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी ड्रेफसनं आयर्लंडमधली कॉर्क ग्रां प्रीही जिंकली, तिथं मात्र मर्सिडीज नव्हती.

न थांबण्याची ही युक्ती ड्रेफसची जुनीच. १९३० ची मोनाको ग्रां प्री त्यानं बुगाटीत जादा टाकी बसवून अशीच जिंकली होती, कंपनीच्या अधिकृत गाड्या पेट्रोलला थांबल्या आणि हा पुढे निघून गेला. आठ वर्षांनी तोच डाव मर्सिडीजवर. त्याचे वडील ज्यू होते, त्यामुळे त्या काळात जर्मन टीममध्ये त्याला जागा मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून पोच्या या विजयाकडे लोक नुसती रेस म्हणून बघत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

१९३९ च्या ऑक्टोबरात लॉरी शेल रस्त्यावरच्या अपघातात गेला. १९४० मध्ये ल्यूसीच्या टीमतर्फे ड्रेफस इंडियानापोलिसला गेला, गाडी मासेराटी, आणि तिकडे असतानाच फ्रान्स पडलं. तो अमेरिकेतच राहिला, अमेरिकन सैन्यात गेला, पुढे न्यूयॉर्कमध्ये भावाबरोबर रेस्टॉरंट चालवलं, १९९३ ला वारला. इकडे १४५ गाड्या जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून खोलून, सुटे भाग करून लपवल्या असं सांगतात.

आणि इथंच घोडं पेंड खातं. रेस टीममध्ये गाडी म्हणजे ठरलेली एक वस्तू कधीच नसते. शनिवारी एका गाडीचं इंजिन खराब झालं की दुसरीचं काढून बसवायचं, अपघात झाला की पुढचा ॲक्सल तिसरीचा. शिवाय १४५ ला मडगार्ड आणि दिवे लावले की ती स्पोर्ट्स कारच्या रेसला चालायची, याच मॉडेलची गाडी घेऊन ड्रेफस १९३८ च्या मिल्ले मिलिया या इटलीतल्या रस्त्यावरच्या रेसमध्ये चौथा आला, आणि तेच काढले की ग्रां प्रीची गाडी. म्हणजे एकच गाडी दोन फोटोत दोन वेगळ्या गाड्यांसारखी दिसते आणि दोन वेगळ्या गाड्या एकसारख्या. मग अभ्यासक काय करतात तर जुने काळेपांढरे फोटो भिंगाखाली धरून बॉनेटच्या फटी मोजतात, रिव्हेटची रांग बघतात, नंबरप्लेट जुळवतात. कॅलिफोर्नियातले संग्राहक पीटर मलिन यांच्याकडे होती ती ४८७७१ ही मिलियन फ्रँकवाली, असा एक पक्ष, आणि अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका संग्राहकाकडची ४८७७५ ही खरी, असा दुसरा पक्ष. मला यात कोणी खोटं बोलतंय असं वाटत नाही, दोन्ही गाड्या अस्सल १४५ आहेत, पण चॅसी एकीची आणि त्या दिवशीचं इंजिन दुसरीत असेल तर 'ती' गाडी कुठली म्हणायची हे आधी ठरवावं लागेल.

रिस्टोरेशनचं, म्हणजे जुनी गाडी पूर्ववत करण्याचं कामही सोपं नाही. वजन वाचवायला इंजिनात मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरलेला, आणि मॅग्नेशियमला पाण्याचं वावडं. आत कूलिंगचं पाणी वर्षानुवर्षं साचून राहिलं तर धातू पांढरा भुकटीसारखा होऊन झडायला लागतो, बोटानं खरवडला तरी निघतो. तसा भाग वेल्ड करून वाचवायचा की नवीन ओतायचा? ओतला तर गाडी चालेल, रेसला उतरवता येईल, पण ड्रेफसच्या पायाखाली धडधडलेला धातू तेवढा कमी होणार. त्यात चारच गाड्या बनलेल्या, म्हणजे स्पेअर पार्ट बाजारात मिळायचा प्रश्नच नाही, प्रत्येक सिलिंडरला दोन म्हणजे चोवीस स्पार्क प्लगवाल्या या इंजिनाचं जे काय लागेल ते हातानं बनवायचं.

डेलाहे कंपनी १९५४ मध्ये हॉचकिसमध्ये विलीन झाली आणि नाव बाजारातून गेलं. मलिन यांनी कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डला फ्रेंच गाड्यांचं म्युझियम काढलं होतं, ते २०२३ मध्ये वारले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत म्युझियम बंद झालं.

चारपैकी दोन चॅसींचं नशीब वेगळंच निघालं. युद्ध संपल्यावर पॅरिसचा बॉडीबिल्डर आंरी शाप्राँ यानं त्यांच्यावर बंद टपाच्या रस्त्यावरच्या कूपे बॉडी चढवल्या, आत गुबगुबीत सीटा, बाहेर क्रोम, आणि बॉनेट उघडलं की खाली तेच रेसचं व्ही-१२. या दोन गाड्यांना परत उघड्या रेसिंग बॉडीत आणता आलं असतं, बाजारात तशा गाडीला मान जास्त. पण तसं न करता शाप्राँची बॉडी ठेवली गेली, आणि मला तेच योग्य वाटतं, कारण रेस संपल्यावरची ती वर्षंही त्याच गाडीची आहेत.