तारघरातलं मीटर उद्यमनगरात

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगच्या एखाद्या जुन्या दुकानात शिरलात, तर दोन मीटर दिसण्याची शक्यता बरीच असते. एक फळीवर. काट्याचा, जड, वार्निशचा वास मुरलेला काळा डबा. दुसरा पोराच्या खिशात. पिवळा, डिजिटल, दोनेकशे रुपयांचा. डब्याला हात लावायची परवानगी मिळायला पूर्वी वर्ष-सहा महिने लागत, पिवळं मीटर पोरगं पहिल्या पगारात घेतं.

मल्टिमीटर कसं वापरावं याचे नियम आयटीआयच्या वहीत एकाखाली एक उतरवून दिले जातात आणि परीक्षेनंतर विसरले जातात, कारण ते सुटे सुटे वाटतात. त्यातले बहुतेक एकाच इतिहासातून आलेत. हे यंत्र वाढलं तार आणि टेलिफोनच्या खोलीत. तिथे चूक झाली तर फार तर काटा वाकायचा. पॅनेलवर ते नंतर आलं, आणि तिथली चूक मीटरवर थांबत नाही.

सुरुवात १८२० ची. कोपनहेगनमध्ये हान्स ख्रिश्चन ओरस्टेडला दिसलं की प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. त्याच वर्षी श्वाइगर या जर्मन माणसानं सुईभोवती तारेचे बरेच वेढे दिले आणि बारीक प्रवाहानंही सुई ढळायला लागली. हा गॅल्व्हानोमीटर. त्याला पहिलं मोठं काम दिलं तारयंत्रानं. १८५८ साली अटलांटिकखालून केबल गेली, तेव्हा पलीकडे पोचणारा प्रवाह इतका क्षीण होता की विल्यम थॉमसननं सुईऐवजी इवलासा आरसा वापरला आणि त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका वाचला. पुढे १८८२ मध्ये दार्सोनव्हाल आणि देप्रे यांनी चुंबक स्थिर ठेवून कॉइल फिरती केली, आणि एडवर्ड वेस्टननं अमेरिकेत त्यातून टेबलावर ठेवता येईल असं, भरवशाचं काट्याचं मीटर बनवलं. फळीवरच्या त्या डब्याच्या पोटात आजही हीच फिरती कॉइल आहे.

पण तोवर व्होल्टचं मीटर वेगळं, अँपिअरचं वेगळं, ओहमचं तिसरं. ब्रिटिश पोस्ट खात्यातला डोनाल्ड मॅकॅडी हा टेलिफोनचा इंजिनिअर हे तिन्ही वागवून कंटाळला आणि त्यानं ते एकाच पेटीत बसवले. १९२३ साली ती पेटी ‘अ‍ॅव्हो’ नावानं बाजारात आली. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरं. टेलिफोन एक्स्चेंजची बॅटरी पन्नासेक व्होल्टची असते. ओहम मोजायला मीटर स्वतःच्या सेलमधून प्रवाह सोडतं, म्हणून समोरची लाईन मेलेली हवी, हा नियम तिथेही होताच. पण तो मोडला तर बोलणी बसत, बाकी काही नाही. १९५१ पासूनचं अ‍ॅव्होचं आठ नंबरचं मॉडेल पुष्कळ देशांत पोचलं. त्यात एक छान सोय होती. काटा जोरात आपटला की आतलं कट-आउट पडायचं आणि बटण टपकन वर यायचं. आपल्याकडे नाशिकच्या मोटवाने कंपनीचे काट्याचे मीटर आयटीआय आणि वर्कशॉपमध्ये दिसत. मिस्त्रींचा जो ‘डबा’, तो बहुधा यांपैकी एक.

मिस्त्री लोकांचा खरा जीव मात्र मीटरवर नव्हता, टेस्ट लॅम्पवर होता. कोल्हापूर आधी ऑइल इंजिनांचं गाव. पंचगंगेच्या काठानं उसाला पाणी पाजणारी इंजिनं इथेच ओतली आणि जोडली जात. २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, पाठोपाठ कोयनेची वीज आली, खांब शिवारात गेले आणि एकेका इंजिनाची जागा विहिरीवरच्या मोटरनं घेतली. मोटर म्हणजे तीन फेज. एक फेज गेला की मोटर गुरगुरते, तापते आणि जळते, आणि जळालेली मोटर ट्रॅक्टरवर पडून उद्यमनगरात येते. त्यामुळे शिवारातला पहिला प्रश्न ‘किती व्होल्ट?’ हा नव्हताच. ‘तिन्ही फेज हायत का?’ हा होता. त्याला दोन होल्डर, दोन बल्ब सिरीजमध्ये आणि दोन वायरी पुरत. हाच टेस्ट लॅम्प. दोन का, तर फेज-फेजमधल्या चारशे व्होल्टला एक बल्ब फुटतो. काच हातात फुटण्याची भीती, उघडी टोकं, सैल होल्डर अशी त्याची सगळी दुखणी मान्य. तरी त्याची एक बाजू आहे, ती शेवटी येईल.

डिजिटल मीटरची वाट वेगळी, पण घर तेच, प्रयोगशाळेचं. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियात अँड्र्यू के यानं नॉन-लिनिअर सिस्टिम्स या कंपनीत डिजिटल व्होल्टमीटर बनवला. तो भलामोठा होता आणि आकडा ठरेपर्यंत आतले स्विच खडखडत. १९७७ मध्ये फ्ल्यूकचा ८०२०ए हे हातात मावणारं मीटर आलं. त्याच सुमारास इंटरसिल कंपनीची आयसीएल ७१०६ ही चिप निघाली. आकडे बनवणं आणि काचेवर दाखवणं, दोन्ही तिच्या एकट्या पोटात. ‘साडेतीन आकडी’, म्हणजे १९९९ या आकड्यापर्यंत मोजणारी पिवळी मीटरं या चिपची आणि तिच्या नकलांची लेकरं. चिप मागते फक्त २०० मिलिव्होल्ट. तिच्यापुढे रेझिस्टन्सची उतरंड लावली की मीटर तयार, म्हणून स्वस्त. रेडिओ, टीव्ही, नंतर मोबाईल दुरुस्त करणाऱ्यांना ते वरदानच होतं. तिथून ते वायरमनच्या खिशात गेलं, आणि जाताना कोणी विचारलं नाही की हे डीपीवर चालेल का.

चालत नाही, याचं मुख्य कारण १० अँपिअरचं भोक. अ‍ॅव्होत व्होल्ट असो की अँपिअर, वायरी सहसा त्याच दोन टर्मिनलना, बदलायचा तो स्विच. डिजिटलमध्ये अँपिअरला वेगळं भोक आलं. त्याच्या मागे शंट असतो, ओहमच्या शंभराव्या भागाइतका. म्हणजे जवळजवळ नुसती तारच. सकाळी कोणी प्रवाह मोजला, लाल वायर त्याच भोकात राहिली, दुपारी दुसऱ्यानं नॉब व्होल्टवर फिरवून टोकं फेज आणि न्यूट्रलला लावली. नॉब काहीही म्हणो, वायर शंटमध्ये आहे. त्यानं मीटर लावलेलं नाही, शॉर्ट केलंय. घरातल्या सॉकेटवर वायरिंगचा सगळा मिळून अर्धा ओहम धरला तरी २३० भागिले अर्धा, ४६० अँपिअर. गावातल्या १०० केव्हीएच्या डीपीपाशी हाच हिशेब तीन हजार अँपिअरच्या घरात जातो.

इथे फ्यूज वाचवेल असं वाटतं. पिवळ्या मीटरच्या या भोकाशेजारी बहुतेकदा ‘फ्यूज नाही’ असं इंग्रजीत छापलेलं असतं, बारीक अक्षरांत. जिथे काचेची नळी असते, तिथे साध्या नळीची तोडण्याची ताकद ३५ अँपिअर किंवा तिच्या रेटिंगच्या दहापट, यात जे जास्त ते. त्यापुढे आतली तार वितळते, पण तिची वाफ आणि ठिणगीच प्रवाह चालू ठेवते. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला, हजारो अँपिअर तोडू शकणारा एचआरसी फ्यूज असतो, आणि तो महाग असतो. उडाला की दुकानात त्याच्या जागी काचेचा बसतो, किंवा तारेचा तुकडा. मीटर पुन्हा चालतं. मला विचाराल तर अशा मीटरपेक्षा बिनफ्यूजवालं बरं, निदान त्यानं छापून सांगितलेलं असतं. माझ्याही हातून शिकाऊ असताना वायर चुकीच्या भोकात राहिली होती. लाल टोकाचं पितळ पातळ होऊन कॉन्टॅक्टरला चिकटलं. एमसीबी पडली म्हणून आज हे लिहायला बोटं आहेत.

दुसरं कारण डोळ्यांना दिसतच नाही. लाईनवर २३० व्होल्ट म्हणजे लाटेच्या माथ्याला ३२५. पण मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, दूर कुठे वीज पडते, किंवा फौंड्रीत मोठी मोटर बंद होते, आणि लाईनवरून हजारो व्होल्टचा एक फटका जातो. सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाचा. तेवढ्यानं मीटर जळतं असं नाही. पण त्या क्षणी आत दोन पट्ट्यांमध्ये ठिणगी पडते, ठिणगीनं वाट करून दिलेली असते, आणि मग तुमची नेहमीचीच लाईन त्या वाटेनं घुसते. स्फोट तिचा असतो, फटक्याचा नसतो.

हे ध्यानात घेऊन आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ३४८ हे जुनं मानक गेलं आणि १९९० च्या आसपास आयईसी १०१० आलं, आज ज्याला ६१०१० म्हणतात. त्यातून मीटरवर ‘कॅट’ची, म्हणजे कॅटेगरीची, खूण उमटली. कॅट टू म्हणजे सॉकेटवरची उपकरणं, कॅट थ्री म्हणजे पॅनेल आणि पक्क्या जोडलेल्या मोटरी, कॅट फोर म्हणजे खांबावरून येणारी लाईन आणि वीजमीटर. दुकानात लोक व्होल्टचा आकडा बघून मीटर घेतात आणि फसतात. कॅट टू १००० व्होल्ट आणि कॅट थ्री ६०० व्होल्ट, दोघांची चाचणी ६००० व्होल्टच्या फटक्यानं होते. पहिल्याला तो १२ ओहममधून देतात, म्हणजे ५०० अँपिअर. दुसऱ्याला २ ओहममधून, म्हणजे ३०००. आकडा लहान आणि मीटर दणकट. वायरींनाही स्वतःची कॅट असते, आणि कॅट थ्रीच्या टोकाचं उघडं पितळ ४ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. बाजारात सुट्या मिळणाऱ्या वायरींची टोकं बोटाच्या पेराएवढी असतात.

मेगर, म्हणजे मोठं व्होल्टेज देऊन इन्शुलेशन तपासणारं मीटर, हा या घराण्यातला खराखुरा पॉवरवाला भाऊ. एव्हर्शेडच्या इंग्लंडमधल्या कंपनीचं हे नाव १९०३ पासूनचं, आणि तो इन्शुलेशन मोजण्यासाठीच जन्मला. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेकाठच्या मोटरी वाळवून ‘मेगर घेतल्याशिवाय चालू करू नका’ हे ज्यांनी ऐकलं त्यांच्या वाइंडिंग वाचल्या. मल्टिमीटरचा ओहम तिथे काही सांगत नाही. त्याच्या सेलच्या दोन-तीन व्होल्टला ओलं इन्शुलेशनही चांगलंच दिसतं.

आता टेस्ट लॅम्पची ती बाजू. काट्याच्या मीटरला काटा हलवायला लाईनकडून थोडा प्रवाह घ्यावा लागतो. अ‍ॅव्हो आठचा डीसीवरचा हिशेब व्होल्टमागे २०,००० ओहमचा. डिजिटल मीटर कुठल्याही रेंजवर सहसा १० मेगाओहमचं, जवळजवळ काहीच घेत नाही. प्रयोगशाळेत हा गुण. पण एकाच पाइपातून गेलेल्या वायरींमध्ये चालूच्या शेजारची बंद वायरही थोडी जागी असते, आणि डिजिटल तिच्यावर ७०, ९०, कधी १२० दाखवतं. हे भुताचे व्होल्ट. माणूस गोंधळतो. दोन-चार वेळा असा खोटा आकडा बघितला की खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो, आणि तो धोका जास्त मोठा. म्हणून तीनदा मोजण्याची पद्धत पडली. आधी नक्की चालू असलेल्या जागी, मग जिथे हात घालायचाय तिथे, मग पुन्हा पहिल्या जागी, मधल्या वेळात मीटर तर मेलं नाही ना हे बघायला.

टेस्ट लॅम्पला हा घोळ कधी नव्हता. बल्ब पेटायला खरी ताकद लागते, भुतानं तो पेटत नाही. अ‍ॅव्हो आठ २००८ मध्ये बंद झालं. आता बऱ्यापैकी किमतीच्या मीटरांवर ‘लो-झेड’ नावाचं एक ठाणं असतं, नॉब तिथे आणला की मीटर मुद्दाम काही हजार ओहमचं होतं, लाईनकडून प्रवाह ओढतं आणि भुताचे ९० व्होल्ट शून्यावर येतात. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींना हे करून दाखवलं. त्यांनी दोनदा नॉब फिरवून बघितला, म्हणाले, “म्हंजे बल्बच की रं ह्यो,” आणि किंमत विचारली.