समलिंगी विवाहाला पाठिंबा आणि रिपब्लिकन मतदान : अमेरिकेतील दुहेरी कौलाचे प्रदेश

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन, म्हणजे परंपरावादी पक्षाच्या उमेदवाराला मताधिक्य देणारी, पण समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर बहुमताने होकार देणारी राज्ये आणि काउंट्या या नोंदीचा विषय आहेत. काउंटी हा राज्याअंतर्गत प्रशासकीय विभाग, आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा. विवाहाचा परवाना बहुतेक राज्यांत काउंटीच्याच कचेरीतून मिळतो आणि निवडणुकीचे आकडेही काउंटीवार जाहीर होतात. त्यामुळे हा अभ्यास काउंटीच्या नकाशावर होतो.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच साच्यातून निघते, ही समजूत मुख्यतः २००४ सालची. त्या नोव्हेंबरमध्ये जॉर्ज बुश दुसऱ्यांदा निवडून आले, आणि त्याच दिवशी ११ राज्यांच्या मतदारांनी विवाह फक्त स्त्री-पुरुषांतच होईल अशी तरतूद आपापल्या राज्यघटनांत घातली. दोन्ही निकाल एकत्र वाचले गेले आणि ‘बुश म्हणजे बंदी’ हे समीकरण रूढ झाले. मात्र त्या ११ राज्यांपैकी ऑरेगन आणि मिशिगन यांनी अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉन केरींना कौल दिला होता. समीकरण पहिल्या दिवसापासूनच पूर्ण जुळत नव्हते.

ते किती उलटू शकते हे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो या दोन मोठ्या काउंट्यांत दिसते. २००८ मध्ये या दोन्ही काउंट्यांनी बराक ओबामांना मताधिक्य दिले आणि त्याच मतपत्रिकेवरच्या ‘प्रपोझिशन ८’ला, म्हणजे समलिंगी विवाहबंदीलाही, मोठ्या बहुमताने मान्यता दिली. २०२४ मध्ये दोन्ही काउंट्या डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे गेल्या, आणि ती बंदी राज्यघटनेतून पुसून टाकणाऱ्या ‘प्रपोझिशन ३’ला मात्र त्यांनी होकार दिला. संपूर्ण राज्यात या प्रस्तावाला सुमारे ६२.६ टक्के मते पडली. सोळा वर्षांत दोन्ही उत्तरे बदलली, आणि परस्परविरुद्ध दिशांनी बदलली. या काळात तिथली वस्तीही बदलली, नवे मतदार आले, जुने गेले. म्हणून तीच माणसे फिरली असे म्हणता येत नाही. पण एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला बांधलेले नाही, हे दाखवायला याहून ठळक उदाहरण सापडणे अवघड आहे.

मोजमाप : या विषयावर लिहिताना सर्वांत मोठा धोका हिशोबातच असतो. एखाद्या काउंटीत ५५ टक्के मते ट्रम्प यांना आणि ५५ टक्के समलिंगी विवाहाला पडली, एवढ्यावरून ट्रम्प यांचे बहुतेक मतदार विवाहाच्या बाजूने आहेत असा निष्कर्ष निघत नाही. उरलेले ४५ टक्के सगळे विवाहाच्या बाजूचे असतील, तर ट्रम्प यांच्या मतदारांपैकी फक्त सुमारे १८ टक्क्यांनी, म्हणजे ५५ पैकी १० जणांनी, होकार दिला तरी आकडे तेच दिसतात. प्रदेशाच्या आकड्यांवरून व्यक्तीचे मन वाचण्याची ही चूक समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवून दिली. अमेरिकेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जास्त, तिथे साक्षरताही जास्त आढळे. प्रत्यक्षात परदेशात जन्मलेली व्यक्ती स्थानिकांपेक्षा कमी साक्षर असण्याचीच शक्यता अधिक होती. स्थलांतरित मंडळी जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहत होती, इतकेच.

मात्र आकड्यांवरून किमान मर्यादा काढता येते, आणि नेव्हाडात ती चांगली निघते. २००२ मध्ये या राज्याने समलिंगी विवाहबंदी राज्यघटनेत घातली होती. २०२० मध्ये तिच्या जागी लिंगनिरपेक्ष विवाहाची तरतूद आणणारा प्रस्ताव मतदारांसमोर आला आणि ६२ टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाला. समलिंगी विवाहाला राज्यघटनेचे संरक्षण देणारे नेव्हाडा हे पहिले राज्य. प्रस्तावाच्या बाजूने सुमारे ८ लाख २० हजार मते पडली; जो बायडन यांना सुमारे ७ लाख ३ हजार. बायडन यांच्या एकूणएक मतदाराने होकार दिला असे धरले, तरी लाखाच्या वर मते इतरांकडून येणे भाग होते. लहान पक्षांचे उमेदवार आणि नेव्हाडाच्या मतपत्रिकेवर असणारा ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मिळून मते तीस हजारांच्या आसपास. म्हणजे ट्रम्प यांना मत देऊन विवाहालाही होकार देणारे किमान ऐंशी हजार मतदार त्या एका राज्यात होते. हा हिशोब मतदान-चाचणीवर अवलंबून नाही, म्हणून त्याचे मोल अधिक. कोणत्याही पुरोहिताला किंवा धर्मसंस्थेला असा विवाह लावण्याची सक्ती होणार नाही, असे त्या तरतुदीतच स्पष्ट लिहिले होते. परंपरावादी मतदाराची मुख्य भीती त्या एका वाक्याने बरीच कमी झाली असणार.

ॲरिझोना : बंदीचा प्रस्ताव मतदानात सर्वांत आधी फेटाळला तो न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियासारख्या राज्याने नव्हे, तर २००६ मध्ये ॲरिझोनाने. दोनच वर्षांपूर्वी या राज्याने बुश यांना सुमारे दहा टक्क्यांचे मताधिक्य दिले होते. हा निकाल समलिंगी जोडप्यांविषयीच्या आपुलकीचा होता असे मात्र समजू नये. त्या प्रस्तावाने अविवाहित जोडप्यांना मिळणाऱ्या कायदेशीर सवलतीही बंद होणार होत्या, आणि ॲरिझोनात निवृत्तीनंतर लग्न न करता एकत्र राहणारी वृद्ध स्त्री-पुरुष जोडपी पुष्कळ आहेत. विरोधकांनी प्रचारात त्यांनाच पुढे केले. २००८ मध्ये फक्त विवाहापुरता मर्यादित प्रस्ताव आला तेव्हा तो ५६ टक्क्यांनी मंजूर झाला.

युटा : या विषयातले सर्वांत महत्त्वाचे राज्य युटा. १९६४ नंतर या राज्याने अध्यक्षपदासाठी एकाही डेमोक्रॅटला कौल दिलेला नाही. लोकसंख्येचा फार मोठा भाग मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा, आणि मोठे कुटुंब व विवाह हे त्या पंथाच्या श्रद्धेचे केंद्र. २००४ मध्ये राज्याने सुमारे दोन-तृतीयांश मतांनी बंदी आणली. २००८ मध्ये मॉर्मन चर्चने कॅलिफोर्नियातल्या प्रपोझिशन ८साठी अनुयायांना पैसा आणि श्रम देण्याचे आवाहन केले, आणि त्यांनी ते मनापासून दिले. त्या विजयाची किंमतही चर्चला मोजावी लागली : देशभर निदर्शने झाली, आणि पंथातल्याच समलिंगी मुलामुलींच्या आईवडिलांची घुसमट उघड बोलली जाऊ लागली.

२० डिसेंबर २०१३ रोजी संघीय न्यायाधीश रॉबर्ट शेल्बी यांनी युटाची बंदी घटनाबाह्य ठरवली. निकाल आला त्याच दुपारी सॉल्ट लेक काउंटीच्या कचेरीत जोडप्यांची रांग लागली. सर्वोच्च न्यायालयाने ६ जानेवारी २०१४ रोजी स्थगिती देईपर्यंतच्या अडीच आठवड्यांत हजाराहून अधिक जोडपी विवाहबद्ध झाली होती. यानंतर युटाने दुसरीकडे कुठे फारशी दिसत नाही अशी वाट काढली. मार्च २०१५ मध्ये, चर्चच्या संमतीने आणि समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्यांशी वाटाघाटी करून, रिपब्लिकन विधिमंडळाने घर आणि नोकरी यांत लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा केला. धर्मसंस्थांना त्यातून सूट दिली. ‘युटा तडजोड’ या नावाने तो ओळखला जातो. दोन्ही बाजूंना त्यात काही सोडावे लागले, पण समोरासमोर बसून ठरवलेली गोष्ट लोकांनी आपली मानली. २०२२ मध्ये डेझरेट न्यूज हे वृत्तपत्र आणि हिंक्ली इन्स्टिट्यूट ही संस्था यांच्या पाहणीत समलिंगी विवाहांना कायद्याने मान्यता असावी असे म्हणणाऱ्या युटावासीयांचे प्रमाण ७२ टक्के निघाले. २०२४ मध्ये याच राज्याने ट्रम्प यांना ५९ टक्के मते दिली. चर्चने आपली शिकवण बदललेली नाही : मंदिरातला विवाह आजही स्त्री-पुरुषांचाच. बदलले ते एवढेच, की आपल्या मंदिराचा नियम शेजाऱ्याच्या कायद्यावर लादायचा की नाही याचे उत्तर.

पूर्वेकडील उदाहरणे : न्यू हॅम्पशरने २००९ मध्ये विधिमंडळातून समलिंगी विवाह मान्य केला. पुढच्याच निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला तिथल्या प्रतिनिधिगृहात प्रचंड बहुमत मिळाले आणि कायदा रद्द होणार असे सगळे धरून चालले. मार्च २०१२ मध्ये रद्द करण्याचा प्रस्ताव २११ विरुद्ध ११६ मतांनी पडला. करही नको, सरकारची लुडबुडही नको, हा तिथल्या रिपब्लिकनांचा जुना बाणा. घरात कोण कोणाशी लग्न करतो हे त्यांच्या दृष्टीने त्याच यादीत बसत होते. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाची मन्रो काउंटी वेगळ्या कारणाने या नकाशावर येते. तिच्यातले की वेस्ट हे बेट अनेक दशके समलिंगी पर्यटकांचे आणि रहिवाशांचे आवडते ठिकाण आहे. १९८३ मध्येच तिथे रिचर्ड हेमन हे उघडपणे समलिंगी असलेले महापौर निवडून आले. फ्लोरिडातल्या बंदीविरुद्धचा राज्य न्यायालयाचा पहिला निकाल जुलै २०१४ मध्ये याच काउंटीतून आला. २०१६ पासून तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत ही काउंटी ट्रम्प यांच्याकडे गेली आहे.

उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी. मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीने २०१२ मध्ये ओबामांना सुमारे ९० टक्के मते दिली, पण त्याच दिवशी समलिंगी विवाहाच्या प्रस्तावाला निसटता नकार दिला. काउंटीत कृष्णवर्णीयांचे बहुमत आणि चर्चचे वजन मोठे. पक्षाची निवड तिथे वंशभेदाच्या इतिहासाने ठरते, विवाहाबद्दलचे मत धर्माने. राज्यात प्रस्ताव मंजूर झाला.

कायदेमंडळातला परिणाम : जून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी समलिंगी विवाह देशभर मान्य केला; निकालपत्र रिपब्लिकन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी नेमलेल्या न्या. अँथनी केनेडी यांनी लिहिले. त्यानंतर हा प्रश्न अध्यक्षीय प्रचारातून बाजूला पडला. विवाहाला अनुकूल असलेल्या मतदाराला करांसाठी, बंदुकांसाठी किंवा स्थलांतराच्या धोरणासाठी रिपब्लिकन उमेदवार निवडताना काही गमावल्यासारखे वाटेनासे झाले. ट्रम्प यांनीही २०१६ मध्ये निवडून येताच हा विषय संपला असे सांगितले. दुहेरी कौलाचे प्रदेश वाढले ते मुख्यतः या काळात.

त्यांचे वजन २०२२ मध्ये दिसले. विवाहांना संघीय कायद्याचे संरक्षण देणारे विधेयक जुलैमध्ये प्रतिनिधिगृहात आले तेव्हा ४७ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिले. त्यांत युटाचे चारही प्रतिनिधी होते. धर्मसंस्थांच्या हक्कांची कलमे घातल्यावर सिनेटमध्ये ते ६१ विरुद्ध ३६ मतांनी मंजूर झाले. १२ रिपब्लिकनांखेरीज हे शक्य नव्हते. युटाचे मिट रॉमनी, आयोवाच्या जोनी अर्न्स्ट, अलास्काचे दोन्ही सिनेटर, आणि ट्रम्प यांना जवळपास सत्तर टक्के मते देणाऱ्या वायोमिंगच्या सिंथिया लमिस त्यांत होत्या. आयोवाचे नाव इथे विशेष : २००९ मध्ये विवाह मान्य करणाऱ्या त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या तीन न्यायमूर्तींना मतदारांनी पुढच्याच वर्षी पदावरून घालवले होते.

मर्यादा आणि सद्यस्थिती : विवाहाला पाठिंबा म्हणजे सर्व हक्कांना पाठिंबा नव्हे. तडजोडीचे कौतुक झालेल्या युटानेच जानेवारी २०२३ मध्ये अल्पवयीन ट्रान्स मुलांच्या लिंगबदलाशी संबंधित उपचारांवर बंदी घातली. ज्या कुटुंबांत अशी मुले आहेत त्यांना ७२ टक्क्यांचा आकडा काही आधार देत नाही, आणि या प्रदेशांविषयी लिहिताना ही बाजू झाकणे अन्यायाचे होईल. शिवाय पाठिंबा एकदा वाढला की वाढतच राहतो असेही नाही. गॅलप या जनमत-पाहणी संस्थेच्या पाहण्यांत रिपब्लिकनांमधला पाठिंबा २०२१ आणि २०२२ मध्ये ५५ टक्के होता. २०२५ मध्ये तो ४१ वर आला. संपूर्ण देशाचा आकडा मात्र ६८ टक्के, म्हणजे थोडाच खाली.

न्यायालयाचा निकाल उलटवावा अशी मागणी करणारे ठराव २०२५ मध्ये काही राज्यांच्या विधिमंडळांत आले. आयडाहोच्या प्रतिनिधिगृहाने असा ठराव ४६ विरुद्ध २४ मतांनी मंजूर केला. विरोधकांत डेमोक्रॅटांपेक्षा रिपब्लिकन जास्त होते. नॉर्थ डकोटात प्रतिनिधिगृहाने होकार दिला, पण सिनेटने मार्चमध्ये ठराव १६ विरुद्ध ३१ मतांनी फेटाळला. त्या सिनेटमध्ये रिपब्लिकनांचे प्रचंड बहुमत आहे. त्याच राज्याने २००४ मध्ये ७३ टक्क्यांनी मंजूर केलेली बंदी मात्र राज्यघटनेत अजून तशीच आहे. अशा निष्प्रभ तरतुदी अनेक राज्यांत शिल्लक आहेत. २०१५ चा निकाल उद्या गेला, तर २०२२ चा संघीय कायदा इतर राज्यांत झालेल्या विवाहांना मान्यता द्यायला लावेल. आपल्याच राज्यात नवा परवाना देण्याची सक्ती तो करत नाही.