'तिकडची पद्धतच तशी': भेट, चिरीमिरी आणि लाच यांमधली सरकती रेघ

व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कुठे द्यायचं, पहिल्याच बैठकीत पैशाचा विषय कुठे काढायचा नाही, समोरच्याचं 'हो' म्हणजे 'मान्य' की नुसतं 'ऐकलं', हे धडे परदेशी व्यवहार करणाऱ्यांना पाठ असतात. ते चुकले तर ओशाळल्यासारखं होतं, क्वचित सौदा हातचा जातो. भेटवस्तू आणि पाकिटांच्या बाबतीत मात्र चूक थेट कोर्टात नेते. आणि चूक नेमकी कशाला म्हणायचं, हे गेल्या पन्नास वर्षांत पुन्हा पुन्हा बदललं आहे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. नागासाकीच्या देजिमा बेटावर १६४१ पासून राहिलेले डच व्यापारी नजराणे घेऊन एदोला (आजचं टोकियो) शोगुनाच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, दरबारी हजेरी लावत. ते सगळं उघड, नोंद करून चाले. नजराणा हा व्यापाराच्या परवानगीचाच भाग होता.

आजचा वाद सुरू झाला तो १९७० च्या दशकात. अध्यक्ष निक्सन यांना पद सोडायला लावणाऱ्या वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशीतून अमेरिकी कंपन्यांची गुप्त खाती बाहेर आली आणि ४०० हून अधिक कंपन्यांनी संशयास्पद रकमा दिल्याचं कबूल केलं. एकूण आकडा ३० कोटी डॉलरच्या वर होता. एका विमान कंपनीच्या प्रकरणात १९७६ साली जपानच्या माजी पंतप्रधानांना अटक झाली. कंपन्यांचा बचाव ठरलेला होता: तिकडची पद्धतच तशी. पण याच प्रकरणातल्या पावत्यांवर 'शंभर शेंगदाणे मिळाले' अशा सांकेतिक नोंदी होत्या आणि एक शेंगदाणा म्हणजे दहा लाख येन. देशाची रीतच असती, तर शेंगदाणे कशाला मोजावे लागले असते? जपानी जनतेचा संतापही काही वेगळं सांगत नव्हता.

डिसेंबर १९७७ मध्ये अमेरिकेने परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणं गुन्हा ठरवलं. मात्र 'परदेशी अधिकारी' कोण याची व्याख्या करताना केवळ कारकुनी काम करणाऱ्यांना वगळलं. हीच फट १९८८ च्या दुरुस्तीत मोठ्या चर्चेचा विषय झाली. तोवर प्रश्न होता 'पैसे कोणाला दिले'. दुरुस्तीनंतर तो 'कशासाठी दिले' असा झाला. परवाना, व्हिसा, टपाल, फोनची जोडणी, पोलिस संरक्षण अशी जी कामं अधिकाऱ्याला एरवीही करायचीच असतात, ती लवकर व्हावीत म्हणून दिलेली रक्कम चालेल. कंत्राट मिळावं म्हणून दिलेली चालणार नाही. आपल्याकडे याला सरळ चिरीमिरी म्हणतात. कायद्याच्या भाषेत तिला 'फॅसिलिटेटिंग पेमेंट' (काम सुलभ करणारी रक्कम) असं सोज्वळ नाव मिळालं आणि जगभरच्या कंपन्यांच्या नियमपुस्तकांत ते शिरलं.

या दुरुस्तीतली दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. आरोपीला 'त्या देशात हे कायदेशीर आहे' असा बचाव देण्यात आला, पण अट अशी की तो त्या देशाचा लिखित कायदा असायला हवा. रूढी, परंपरा, 'सगळेच देतात' हे काही चालणार नाही. आणि आपल्या अधिकाऱ्यांनी पैसे घ्यावेत असं लिहून ठेवणारा देश शोधायला गेलं तर काय हाती लागणार? म्हणजे संस्कृतीचा बचाव कागदावर जिवंत ठेवून प्रत्यक्षात संपवला. चिरीमिरीच्या खिडकीतून मात्र तो पुन्हा आत आला.

युरोप यात मागे होता. जर्मनीत परदेशात दिलेली लाच १९९९ पर्यंत करातून वजा करता येई. तिला 'उपयुक्त खर्च' असा शब्द होता. १९९७ मध्ये विकसित देशांनी अशा लाचेविरुद्ध करार केला आणि तो १९९९ पासून लागू झाला, पण किरकोळ चिरीमिरी त्यातही गुन्ह्याबाहेर राहिली. जुनी सवय किती महागात पडते ते २००८ मध्ये दिसलं: एका जर्मन अभियांत्रिकी कंपनीला अमेरिका आणि जर्मनी मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलर भरावे लागले.

ब्रिटनने २०१० च्या कायद्यात चिरीमिरीलाही सूट दिली नाही. कॅनडाने आपली सवलत २०१७ मध्ये काढून टाकली. दक्षिण कोरियाची गोष्ट आणखी बोलकी आहे. भेट देण्याची रीत जिथे खोल रुजलेली समजली जाते, तिथल्याच सरकारने २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना देता येणाऱ्या जेवणावर ३०,००० वॉनची मर्यादा घातली. २०२४ मध्ये ती ५०,००० झाली. 'आमची पद्धत' कुठवर, हे तिथल्याच लोकांनी रकमेत सांगितलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने १९७७ च्या आपल्याच कायद्याची अंमलबजावणी १८० दिवसांसाठी थांबवली. ती मुदत संपण्याआधीच, जूनमध्ये, नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत व्यवसायातल्या नेहमीच्या, कमी किमतीच्या, सर्वमान्य शिष्टाचारांच्या चौकशीवर सरकारी वकिलांनी भर देऊ नये असं म्हटलं आहे. 'सर्वमान्य' म्हणजे कोणाला मान्य, देणाऱ्याच्या देशाला की घेणाऱ्याच्या, हे ठरवायचं काम पुन्हा सरकारी वकिलांकडे गेलं आहे.