डॉक्युमेंटफिल्टर आणि जेफॉर्मॅटेडटेक्स्टफील्ड: संख्या टाइप होत असताना आणि टाइप झाल्यावर

जावाच्या स्विंगमध्ये, म्हणजे खिडक्या, बटणे, फील्ड अशा पडद्यावरच्या घटकांच्या संचामध्ये, संख्या भरण्यासाठी टेक्स्ट फील्ड करायचे झाले, की डॉक्युमेंटफिल्टर आणि जेफॉर्मॅटेडटेक्स्टफील्ड ही दोन नावे समोर येतात. दोन्ही जावा १.४ मध्ये, म्हणजे २००२ साली, एकत्रच आली आणि ‘चुकीचे काही टाइप होऊ देऊ नका’ या एकाच मागणीवर दोन्ही सुचवली जातात, त्यामुळे एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेण्याचा प्रकार सर्रास दिसतो. प्रत्यक्षात फिल्टर मजकुराकडे पाहतो आणि फॉर्मॅटेड फील्ड त्या मजकुरातून निघणाऱ्या मूल्याकडे.

फिल्टर प्रत्येक बदल डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे फील्डचा मजकूर साठवणाऱ्या वस्तूमध्ये, शिरण्यापूर्वी अडवतो, त्यामुळे त्याच्या हाती बहुधा अर्धवट मजकूर येतो. वापरकर्त्याला ‘-१२.५’ लिहायचे असेल, तर आधी रिकामे फील्ड, मग नुसते ‘-’ आणि पुढे ‘-१२.’ या अवस्था येणारच. ‘ही संख्या आहे का?’ असे फिल्टरने विचारले, तर पहिलीच खूण नाकारली जाईल. त्याने विचारायचे ते एवढेच, की यातून पुढे संख्या होऊ शकते का. नवशिक्यांना हमखास नडणारी गोष्ट म्हणजे टाइप केलेली किंवा पेस्ट केलेली अक्षरे सहसा फिल्टरच्या रिप्लेस या मेथडमधून येतात. फक्त इन्सर्टस्ट्रिंग ही मजकूर घालण्याची मेथड लिहून थांबले, तर फिल्टर लावूनही फील्डमध्ये काहीही टाइप होत राहते.

जेफॉर्मॅटेडटेक्स्टफील्डचे मूळ वागणे वेगळे आहे. टाइप करताना ते फारसे मध्ये पडत नाही. वापरकर्ता एंटर दाबतो किंवा फील्ड सोडून पुढे जातो तेव्हा ते मजकूर वाचून मूल्य ठरवते आणि मग ते मूल्य ठरलेल्या रूपात दाखवते. साध्या नंबरफॉर्मॅटमध्ये (संख्या वाचण्या-दाखवण्याचे नियम ठेवणारा वर्ग) दशांशानंतर जास्तीत जास्त तीन अंक दिसतात, म्हणून १.२३४५६ लिहून फील्ड सोडले, की पडद्यावर १.२३५ दिसते, पण आत मूल्य १.२३४५६ हेच असते. मूल्य आणि दर्शन वेगळे असू शकतात हे फिल्टरला माहीतच नसते. फील्ड सोडताना मजकूर वाचता आला नाही, तर हे फील्ड मुळात जुने मूल्य परत आणते, म्हणजे वापरकर्त्याचे टंकन काही न सांगता नाहीसे होते. मला हे वागणे योग्य वाटत नाही. फोकस जाताना, म्हणजे फील्ड सोडताना, फक्त ‘कमिट’ (मूल्य पक्के करा) हा पर्याय निवडला, तर चुकलेला मजकूर जागेवर राहतो आणि तो दुरुस्त करता येतो. उलट ‘१२कखग’ हा मजकूर मात्र नंबरफॉर्मॅट निमूटपणे १२ म्हणून स्वीकारतो, कारण सुरुवातीचा भाग वाचता आला की त्याला पुरते.

खरा घोटाळा सेटअलाउज्इनव्हॅलिड हा, चुकीचा मजकूर तात्पुरता चालू देणारा पर्याय बंद केल्यावर होतो. आता फॉर्मॅटर, म्हणजे फील्डमधला मजकुराचे मूल्य करणारा भाग, प्रत्येक कळीनंतर पूर्ण मूल्य मागतो, आणि रिकामा मजकूर हे मूल्य नसल्याने फील्डमधला शेवटचा अंकही खोडता येत नाही.

टाइप होत असतानाच स्वल्पविराम हवे असतील, तर ते काम फिल्टरमध्ये करावे. बदल झाल्याची खबर मिळणाऱ्या डॉक्युमेंटलिसनरमधून तिथल्या तिथे मजकूर बदलायला गेले, तर स्विंग इल्लीगलस्टेटएक्सेप्शन ही त्रुटी फेकते. फिल्टरमध्ये नवा मजकूर तयार करून फिल्टरबायपास या फिल्टर वगळून डॉक्युमेंट बदलणाऱ्या वस्तूमार्फत घातला, की फिल्टर पुन्हा स्वतःलाच बोलावत नाही. अवघड भाग कर्सरचा आहे. समजा फील्डमध्ये १,२३४ आहे आणि कोणी १ च्या पुढे ५६ घालतो आहे. ५ टाइप होताच सगळा मजकूर बदलून १५,२३४ केला आणि कर्सर शेवटी गेला, तर पुढचा ६ तिथे पडून १५२,३४६ होते. हवे होते १५६,२३४. स्वल्पविराम अचूक असल्यामुळे ही चूक नजरेला येत नाही, आणि म्हणूनच ती घातक आहे. उपाय असा, की कर्सरचे स्थान जपण्याऐवजी त्याच्या डावीकडे किती अंक आहेत ते मोजावे आणि नव्या मजकुरात तितक्या अंकांनंतर कर्सर ठेवावा. स्वल्पविरामाच्या लगेच पुढे बॅकस्पेस दाबला, तर नुसता स्वल्पविराम खोडून काही साधत नाही, तो लगेच परत येतो. अशा वेळी त्याच्या डावीकडचा अंक खोडावा. डिलीट कळीसाठी उजवीकडचा अंक खोडावा लागतो, पण फिल्टरच्या रिमूव्ह या खोडण्याच्या मेथडला कळ कोणती ते कळत नाही, म्हणून कर्सर खोडलेल्या जागेच्या कोणत्या बाजूला होता ते पाहावे लागते.

दोन्ही साधने एकत्र वापरायला हरकत नाही, फक्त अंक कशाला म्हणायचे यावर त्यांचे एकमत हवे. जावाच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुराचा साचा सांगणारी भाषा) बॅकस्लॅश-डी, म्हणजे ‘एक अंक’ ही खूण, मुळात फक्त इंग्रजी अंक ओळखतो, तर डेसिमलफॉर्मॅट, म्हणजे नंबरफॉर्मॅटचाच नेहमीचा प्रकार, वाचताना देवनागरी अंकही स्वीकारतो. त्यामुळे फॉर्मॅटरला मान्य असलेली संख्या फिल्टर दारातच अडवतो; तिथे कॅरेक्टर वर्गातली इजडिजिट ही मेथड वापरावी. स्विंगनंतरच्या जावाएफएक्स या संचातल्या टेक्स्टफॉर्मॅटरमध्ये, जो जावा ८ च्या ४० व्या अपडेटमध्ये आला, फिल्टर आणि कन्व्हर्टर एकाच वस्तूचे दोन स्वतंत्र भाग आहेत, आणि त्यांतला कन्व्हर्टर टाइप केलेल्या मजकुराचे मूल्य एंटर दाबल्यावर किंवा फोकस गेल्यावर ठरवतो.