राजवाड्याच्या जागेवर उभे राहिलेले विद्यापीठ : र्‍यूक्यूची पार्श्वभूमी

ओकिनावा बेटावरील र्‍यूक्यू विद्यापीठ आज जपानच्या राष्ट्रीय विद्यापीठांपैकी एक असले, तरी त्याची स्थापना अमेरिकी लष्कराच्या अमलाखाली झाली, आणि तेथील विद्यार्थी चळवळीचा इतिहास या वस्तुस्थितीपासून वेगळा काढता येत नाही.

महायुद्धापूर्वी ओकिनावात एकही विद्यापीठ नव्हते; पुढे शिकायचे तर समुद्र ओलांडून जपानच्या मुख्य बेटांवर जावे लागे. शुरी येथील र्‍यूक्यू राजांच्या किल्ल्याखाली जपानी सैन्याने भुयारे खोदून आपले मुख्यालय थाटले होते, त्यामुळे १९४५ च्या लढाईत तो किल्ला जमीनदोस्त झाला. युद्धानंतर बेटावर विद्यापीठ व्हावे, या मागणीसाठी हवाईत स्थायिक झालेल्या ओकिनावी लोकांनीही जोर लावला होता. अखेर २२ मे १९५० रोजी किल्ल्याच्या त्याच जागेवर विद्यापीठ सुरू झाले. औपचारिक समारंभासाठी १२ फेब्रुवारी १९५१ ही अब्राहम लिंकन यांच्या जयंतीची तारीख निवडली गेली. त्याच वर्षी मिशिगन येथील सरकारी महाविद्यालयाकडे मार्गदर्शनाचे काम सोपवण्यात आले. शेती, गृहविज्ञान, शिक्षक-प्रशिक्षण असे लोकांच्या रोजच्या जगण्याला उपयोगी पडणारे ज्ञान गावोगाव पोहोचवण्यावर तिथून आलेल्या प्राध्यापकांचा भर होता, आणि १९६८ पर्यंत चाललेल्या या कामाचे मोल नाकारण्याचे कारण नाही.

मात्र लोकशाही शिकवणाऱ्या या संस्थेत ती आचरणात आणण्याची मुभा विद्यार्थ्यांना नव्हती. अणुबॉम्बच्या संहाराविषयी प्रदर्शन भरवणे, परवानगीशिवाय नियतकालिक काढणे अशा कारणांवरून १९५३ मध्ये चार विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. १९५६ चा प्रसंग याहून गंभीर होता. लष्करी तळांसाठी घेतलेल्या शेतजमिनींचा मोबदला एकरकमी देऊन त्या कायमच्या ताब्यात ठेवण्याची शिफारस अमेरिकी संसदेच्या एका समितीने केली, तेव्हा सारे बेट पेटून उठले आणि विद्यार्थीही मोर्चात उतरले. अमेरिकी प्रशासनाने अनुदान रोखण्याचा इशारा देताच विद्यापीठाने सहा जणांना काढून टाकले व एकाला निलंबित केले. ज्यांच्या घरच्या किंवा शेजारच्या जमिनी जात होत्या, त्या मुलांनी गप्प बसावे, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची होती.

१९७२ मध्ये ओकिनावा जपानकडे परत गेल्यावर विद्यापीठ राष्ट्रीय झाले. पुढे ते शुरीहून निशिहारा परिसरातील प्रशस्त जागेत हलले, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर किल्ल्याची पुनर्बांधणी होऊन १९९२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. याच काळात संशोधनाने बेटाच्या निसर्गाला धरून स्वतःची दिशा घेतली : सेसोको येथे प्रवाळांचा, तर इरिओमोते येथे उष्णकटिबंधीय जंगलांचा आणि खारफुटीचा अभ्यास होतो.

१९५६ ची शिक्षा विद्यापीठाने रीतसर मागे घेतली ती २००७ मध्ये, म्हणजे तब्बल ५१ वर्षांनी. कारवाई झालेले विद्यार्थी तोवर म्हातारे झाले होते.