हळू धावायला ताकद लागते

"लगाम खेच! अजून खेच!"

पुण्यात रविवारी सकाळी घोडेस्वारी शिकवणाऱ्या कुठल्याही मैदानाच्या कुंपणापाशी उभे राहा, हा सल्ला ऐकू येईल. आत एक नवशिका स्वार असतो आणि त्याच्याखाली रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड. ट्रॉटपर्यंत सगळं ठीक चालतं. कँटर, म्हणजे त्याहून वेगाची चाल, सुरू झाला की घोडा दर फेरीला वेग वाढवतो, वळणावर मोटारसायकलसारखा आत कलतो. स्वार लगाम खेचतो, घोडा मान ताठ करून आणखी पळतो आणि बघणारे म्हणतात, "मस्ती आहे त्याच्यात."

माझ्या वाट्याला आलेली कुमैत (तांबूस तपकिरी) घोडी अशीच होती. मीही तिला मस्तवाल समजत होते. तिथल्या म्हाताऱ्या मोतद्दारांनी, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांनी, एक दिवस माझ्या हातातून लगाम घेता घेता सांगितलं, "ती पळत न्हाई मॅडम, ती पडतीया." हे वाक्य मला समजायला बरेच दिवस लागले, आणि समजल्यावर त्यामागचं पदार्थविज्ञान इतकं सुंदर निघालं की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी कँटर म्हणजे काय ते पाहू. चालताना घोड्याच्या चार टापा वेगवेगळ्या वाजतात. ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, तिरप्या जोड्या एकत्र पडतात, त्यामुळे ठोके दोन. कँटरचे ठोके तीन. घोडा डाव्या हाताच्या वर्तुळावर असेल तर आधी बाहेरचा म्हणजे उजवा मागचा पाय टेकतो, मग डावा मागचा आणि उजवा पुढचा एकदम, शेवटी डावा पुढचा. त्यानंतर क्षणभर चारही पाय हवेत. आपण 'घोडा चौखूर उधळला' म्हणतो तो याच्या पुढचा टप्पा, गॅलप. त्यात मधली जोडी फुटते आणि ठोके चार होतात. गॅलपमध्ये चारही खूर जमिनीवरून सुटतात का, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. १८७८ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून त्याचा निकाल लावला. सुटतात, पण चित्रकार रंगवायचे तसे पाय पसरलेले असताना नव्हे, तर चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना.

वळणावर आतल्या बाजूचा पुढचा पाय शेवटी आणि सर्वांत पुढे पडला तर घोड्याला तोल सोपा जातो. आषाढी वारीत माऊलींच्या अश्वाचं गोल रिंगण पाहायला मिळालं, तर पुढच्या वेळी एवढं एकदा निरखून पाहा.

आता माझ्या आवडीचा भाग. चारही पाय हवेत असण्याच्या क्षणानंतर सर्वांत आधी जमिनीला लागतो तो बाहेरचा मागचा पाय, एकटा. पाचशे किलोंचा घोडा, वर साठ किलोंचा स्वार आणि खोगीर. त्या क्षणी जमिनीवर एवढा एकच पाय असतो. हे वजन शांतपणे झेलायचं तर कंबर, गुडघा आणि घोटा यांचे सांधे दुमडावे लागतात, म्हणजे घोड्याला दर झेपेत (चारही पायांच्या एका पूर्ण फेरीत) एका पायावर अर्धी बैठक मारावी लागते. दुमडताना मांडीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू लांब होत जातात, आणि लांब होत असतानाच जोर लावतात. स्नायूंना हे काम फार जड जातं.

सिंहगड उतरताना तुम्ही हे अनुभवलं असेल. चढताना धाप लागते, पण गुडघे आणि मांड्या लटपटतात त्या उतरताना. प्रत्येक पावलाला शरीराचं वजन हळूहळू खाली सोडायचं असतं. मांड्या थकल्या की काय होतं? आपण उतारावर पळायला लागतो. घाई असते म्हणून नव्हे, तर सावकाश उतरायची ताकद संपलेली असते म्हणून. एक पाऊल वजन झेलू शकलं नाही की दुसरं घाईने पुढे टाकावं लागतं.

कच्च्या घोड्याचं नेमकं हेच होतं. मागचा पाय दुमडायला तयार नसतो. तो ताठ राहतो, टेकल्या टेकल्या ढकलून मोकळा होतो. त्या धक्क्याने धड पुढे कलंडतं. घोड्याचा जड भाग मुळातच पुढे असतो. नुसता उभा असतानाही सुमारे ५८ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं आणि लांब मान व डोकं तर तुळईसारखं पुढे लटकलेलं. त्यात घोड्याला गळ्याचं हाड नसतं. त्याचं धड दोन पुढच्या पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. झोळीचे स्नायू कमकुवत असतील तर छाती खांद्यांमध्ये खचते. मग पडणारं वजन सावरायला पुढचे पाय घाईघाईने पुढे टाकावे लागतात. पुढच्या झेपेत आणखी वेग, मागच्या पायाला आणखी कमी वेळ, आणखी ताठरपणा. पडतीया!

इथे लगाम खेचून काय साधतं? घोड्याला टेकायला पाचवा पाय मिळतो. रेसच्या घोड्याला तर लगामावर टेकून पळायची सवयच असते. तुम्ही खेचाल तितका तो तुमच्या हातांवर भार टाकणार, आणि त्याचे मागचे पाय आणखी मागे राहणार.

'हळू' या शब्दाचाही घोटाळा आहे. सरावलेल्या घोड्याचा संथ कँटर पाहिला तर पाय हळू हलतात असं वाटतं, पण ठोके मोजा. कँटरच्या झेपा मिनिटाला शंभराच्या आसपास असतात आणि वेग बदलला तरी हा आकडा थोडाच हलतो. घोड्याचे पाय स्प्रिंगसारखे असतात, त्यांतले लांब स्नायुबंध ताणले जाऊन परत उसळतात, आणि स्प्रिंगला तिचा स्वतःचा ठेका असतो. बदलते ती झेपेची लांबी. सेकंदाला ६ मीटर वेगाने एक झेप ३.६ मीटरची, ४ मीटर वेगाने २.४ मीटरची. म्हणजे संथ कँटरमध्ये ठेका तोच राहतो, फक्त उसळी पुढे जाण्याऐवजी वर जाते. ठेकाच मंद करायला गेलात तर मधली जोडी फुटते आणि चार ठोक्यांची लंगडी चाल उरते.

वर्तुळावर तर गणित आणखी बोलकं होतं. २० मीटर व्यासाच्या वर्तुळावर कलण्याचा कोन वेगाच्या वर्गावर ठरतो. कोनाचा टॅन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण). ६ मीटर वेगाला तो कोन सुमारे २० अंश येतो, ४ मीटरला जेमतेम ९. वेग दीडपट झाला की आत खेचणारं बल सव्वादोनपट लागतं. आधीच पुढे पडणाऱ्या घोड्याला आता बाजूलाही पडू न देता सावरायचंय.

श्वासही याच ठेक्याला बांधलेला आहे. कँटर आणि गॅलपमध्ये घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो. धड वरखाली झुलतं, पोटातली जड आतडी दट्ट्यासारखी मागेपुढे सरकतात, आणि पुढच्या पायांवर भार असताना श्वास बाहेर पडतो. झेपा वेड्यावाकड्या तर श्वासही वेडावाकडा. म्हणून चाल बसायला लागली की नाकपुड्यांचा 'फुर्र, फुर्र' असा एकसारखा आवाज येतो. मला तो तंबोऱ्यासारखा वाटतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या बाजारात, दत्तजयंतीला, घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून किमती ठरताना दिसतात. मानेवर देवमण असेल तर भाग्याचा, गोम असेल तर घात करणारा, चारही पाय आणि तोंड पांढरं असेल तर पंचकल्याणी. केसांच्या भोवऱ्याला तोल सांभाळता येत नाही. घेताना घोड्याला दोन्ही हातांच्या वर्तुळांवर पळवून मागचे पाय पाहा, पाठ दाबून पाहा, खूर उचलून पाहा. आणि हल्ली भोवऱ्यांच्या जागी आलेल्या मान खाली बांधणाऱ्या पट्ट्यांबद्दलही माझं हेच मत आहे. त्यांनी मान वाकते, मागचा पाय दुमडत नाही.

शिकवायला सुरुवात करण्याआधी दुखणं नाही ना याची खात्री हवी. मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकणं, पुढून एक लीड (सर्वांत पुढे पडणारा पाय) आणि मागून दुसरा असं वारंवार होणं, एकाच बाजूच्या वर्तुळावर कँटर नाकारणं ही कंबरेच्या किंवा गुडघ्याच्या वेदनेची लक्षणं असू शकतात. आधी पशुवैद्य, मग नालबंद, मग खोगीर पाठीला बसतंय का ते पाहणं. दुखणाऱ्या घोड्याला व्यायाम देणं हा अन्याय आहे.

आमच्या प्रशिक्षकांनी घोडीला महिनाभर लांब कँटर करूच दिला नाही. मोठ्या वर्तुळावर ट्रॉट, मग कँटरच्या सहा-सात झेपा आणि ती पडायला लागायच्या आत पुन्हा ट्रॉट. चाल बदलताना दर वेळी मागचे पाय पोटाखाली घ्यावे लागतात, म्हणजे प्रत्येक बदल ही एक बैठक. वीस मिनिटांत अशा चाळीस बैठका होतात. सोबत सौम्य चढावर चालणं, आणि पुढे तीन-तीन मीटरवर टाकलेले बांबू, जे तिला झेपेची लांबी आपोआप शिकवत. स्वाराचं काम एवढंच की मांड स्थिर ठेवायची, बाहेरच्या मागच्या पायाच्या ठोक्याला पाठ किंचित ताठ करून बोटं आवळायची आणि लगेच सैल सोडायची. सोडणं महत्त्वाचं. धरून ठेवलं की पाचवा पाय परत आला. घोडी थकली की सराव बंद, कारण थकलेले स्नायू जुनीच चाल घोटतात.

मोजमाप सोपं आहे. २० मीटरच्या वर्तुळाचा परीघ जवळपास ६३ मीटर. पहिल्या आठवड्यात घोडी ती फेरी १८ झेपांत संपवायची. तिसऱ्या महिन्यात मी मोजल्या, २३. मोतद्दार कुंपणाला टेकून उभे होते, आणि लगामावर माझी दोनच बोटं होती.